नदीत पाणीच नाही, मग काढता काय?

याची सुरुवात एका कॅलेंडरवरून झाली. मी अमळनेरला एका पतपेढीत वसुलीच्या टेबलावर काम करते. दरवर्षी आम्ही सभासदांना कॅलेंडर वाटतो आणि दरवर्षी त्यावर कुठलातरी बर्फाचा डोंगर आणि निळं तळं असतं. मे २०२४ मध्ये साहेब म्हणाले, या वेळी आपल्या बोरी नदीचा फोटो टाकू. सगळ्यांनी मोबाइल धुंडाळले. पाणी असलेला एकही धड फोटो कुणाकडे निघाला नाही. कुणाकडे यात्रेतला पाळणा होता, कुणाकडे पुलावरची सेल्फी. मी बोलून गेले, "मी चित्र काढून देते."

शाळेत इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षेत मला बी ग्रेड होती. त्यानंतर तीस वर्षं रंगांशी संबंध आला तो दिवाळीच्या रांगोळीपुरता. तरी बोलून बसले होते.

पुढचे सतरा महिने मी बोरी आणि तापीच्या काठी बसून चित्रं काढली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यातली चोवीस गावात मांडली. चित्रं कशी झाली ते बघणारे ठरवतील. पण यात कुठे अडायला होतं, किती पैसे लागतात, कोणता कागद कुठल्या खिडकीत द्यायचा, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून लिहिते आहे.

१६ जून २०२४, रविवार. सकाळी सहाला स्कूटी काढली, सोबत चाळीस रुपयांची वही आणि ४बी पेन्सिल. बोरीच्या पात्रात, संत सखाराम महाराजांच्या समाधी मंदिराच्या अलीकडे जागा धरली. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, ही समाधी नदीच्या पात्रातच आहे आणि वैशाखात तिथल्या वाळवंटातच यात्रा भरते. त्या दिवशी पात्रात वाळू, गवताचे पुंजके, प्लॅस्टिक आणि मधे एक हिरवट डबकं. एवढंच.

अर्ध्या तासाने शेळ्या घेऊन एक आजी आल्या. वहीत डोकावल्या.

"काय लिखी राह्यनी वं माय?"

"नदी काढी राह्यनू, आजी."

मी "राह्यनू" म्हटल्यावर त्या आधी हसल्या. मी बाहेरून आलेली सून, माझी अहिराणी पंचवीस वर्षांनंतरही अशीच घसरते. मग पात्राकडे बघत म्हणाल्या, "नदीमा पानी ते शेच नही. मंग काय काढशी?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मीही डबकं जरा मोठं करून, त्यात थोडं निळं टाकून, कॅलेंडरसारखी नदी करायच्या बेतात होते.

पहिल्या महिन्यातली सगळी चित्रं फसली, आणि फसण्याचं कारण एकच होतं. माझी नदी उभी राहायची. म्हणजे पाणी भिंतीला टेकवलेल्या चटईसारखं दिसायचं, काठावरची माणसं त्यावरून घसरतील असं. मुलीने पुण्याहून फोनवर फोटो बघून विचारलं, "आई, हा घाटातला रस्ता आहे का?" शेवटी माझं मलाच कळलं. पाणी सपाट असतं. आपण काठावर बसतो तेव्हा डोळे पाण्यापासून फार तर पाच-सहा फूट उंच असतात, त्यामुळे लांबचं वळण अगदी चपटं, पट्टीसारखं दिसतं. आपल्याला वळण आहे हे ठाऊक असतं, म्हणून हात ते गोल काढतो. पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरायची आणि पलीकडच्या काठाची रेघ तिच्याशी ताडून बघायची. जवळजवळ आडवीच निघते. पुलावरून बघितलं तर तेच वळण रुंद दिसतं. या एका गोष्टीला मला पाच रविवार लागले, तुम्हाला लागू नयेत.

ऑगस्टच्या शेवटी पाणी आलं. वर पारोळा तालुक्यात तामसवाडीला बोरीवर धरण आहे. ते भरून पाणी सुटलं की आमची नदी नदी होते. त्या आठवड्यात मी जळगावहून सामान आणलं होतं: ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागदाचा, जलरंगाचा ए-थ्री पॅड, विद्यार्थी दर्जाचे बारा ट्यूब रंग, दोन गोल ब्रश, एक चपटा, मास्किंग टेप. सगळे मिळून १,९४० रुपये. पातळ कागद घेऊन बघितला होता, पाणी लागताच पापडासारखा फुगतो. पैसे वाचवायचे तर ब्रशवर वाचवा, रंगांवर वाचवा, कागदावर नको.

पुराचं पाणी निळं नसतं हे दिसत असूनही हात निळ्याकडे जातो. आमच्या पुराचा रंग टपरीवरच्या चहाचा. रॉ सिएना (पिवळट मातकट), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अगदी थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा), एवढ्यात पूर्ण नदी भागते. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून जो करडा होतो, त्यात ढग, ओला दगड, भिजलेली म्हैस, सगळं येतं. काळी ट्यूब मी तेव्हापासून उघडलेलीच नाही.

पावसाळ्यात अडचण वेगळी असते, कागद वाळत नाही. एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, दिला की अर्धा तास बसून राहा. घाई केली की आकाश नदीत उतरतं. मी कागद लावायच्या दोन पाट्या नेऊ लागले. एकीवरचा वॉश वाळेपर्यंत दुसरी. शेजारचा अकरावीतला मुलगा छत्री धरायला यायचा, त्याचा भाव एक प्लेट पोहे आणि चहा. एकट्या बाईने काठावर बसायचं असेल तर कुणीतरी सोबत न्या, हे मी स्पष्टच सांगते. भीतीपेक्षाही, चौकशा करणाऱ्यांना तो परस्पर उत्तरं देतो आणि आपलं काम होतं.

आजी परत भेटल्या. "आते पानी उनं," म्हणाल्या, "आते काढ." मी चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि शेळ्यांच्या मागे गेल्या.

ऑक्टोबरपर्यंत पाणी निवळलं आणि प्रतिबिंबं दिसू लागली. इथे दोन गोष्टी सांगते, कारण व्हिडिओंमध्ये त्या घाईत निघून जातात. प्रतिबिंब नेहमी सरळ खाली, आपल्याकडे येतं. सावली सूर्य नेईल तिकडे जाते. मी दोन्ही एकाच दिशेने ओढत होते. दुसरं म्हणजे पांढऱ्या भिंतीचं प्रतिबिंब भिंतीपेक्षा जरा गडद असतं आणि काळ्या झाडाचं झाडापेक्षा जरा उजळ. गढूळ पाण्यात आणखी गंमत असते, तिथे पाण्यावर सावलीही पडलेली दिसते. निवळ पाण्यात ती हरवते.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती आणि पतपेढीत सहामाहीचं काम. चित्रं जवळपास बंद. कॅलेंडरही छापून आलं. माझं चित्र मी वेळेत दिलं होतं, पण छपाईवाल्याकडे गढूळ रंग "घाण" दिसेल असं ठरलं आणि धबधबा छापला गेला. मला तेव्हा वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण एव्हाना रविवारची सवय लागली होती.

१४ डिसेंबरला दत्तजयंती होती. सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो, हे, मी आणि जाऊबाई. तापीकाठची ही यात्रा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहे. घोडा जागेवर उभा राहत नाही, त्यामुळे जलरंग काढून उपयोग नव्हता. ब्रश पेन आणि साधी वही. एका ओळीत मान, दुसऱ्या ओळीत पाठ, तेवढ्यात घोडा गेला. चाळीस पानं भरली, त्यातली तीन बरी. पण हात मोकळा झाला तो त्या दिवशी. संध्याकाळी तापीवर धूर आणि धूळ मिसळून जो पडदा तयार होतो, तो मात्र डोळ्यातच घेऊन आले. गर्दीत मोबाइल आणि पैसे सांभाळा, आणि यात्रेतली शेव चित्रांच्या पिशवीत ठेवू नका. तेलाचा डाग कागदाला कायमचा चिकटतो.

जानेवारीत चित्रं काढायचा कोळसा केला. हे मला सगळ्यात जास्त आवडलेलं काम, म्हणून सविस्तर लिहिते. दुकानात चारकोलच्या काड्यांची डबी दोन-अडीचशे रुपयांना मिळते. आमच्याकडे कापूस वेचून झाला की शेताशेतांत पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, ढीग पडलेले असतात, चुलीत जातात. मी भावड्याच्या, म्हणजे दिराच्या, शेतातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ काड्या निवडल्या. साल काढली, आठ दिवस उन्हात वाळवल्या, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठासून भरल्या. झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडलं. डबा चुलीतल्या निखाऱ्यात ठेवला. आधी भोकातून पांढरी वाफ येते, मग पिवळट धूर. धूर थांबला की झालं. मला साधारण दीड तास लागला.

आणि मग मी उत्साहाने डबा उघडला. गरम होता. हवा लागताच सगळ्या काड्या पेटल्या आणि डोळ्यांदेखत राख झाली. सासूबाई म्हणाल्या, "आता भांडी घासायला ठेव." दुसऱ्या वेळी डबा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी उघडला तर काळ्याभोर काड्या, एकमेकींवर आपटल्या की काचेसारखा आवाज. कपाशीच्या काडीत मधे भेंड असतं, त्यामुळे रेघ जरा खरखरीत आणि मधेच तुटक येते. काठावरच्या वेड्या बाभळींना ती रेघ अशी बसली की मला काही करावंच लागलं नाही. हिवाळ्यातल्या धुक्याच्या सकाळी सगळ्या कागदावर कोळसा बोटाने पसरायचा आणि खोडरबराने उजेड खोडून काढायचा. पलीकडचा काठ असा निघतो. वर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदाला धरून ठेवणारा फवारा, मारावं लागतं, नाहीतर शेवटचं बोट लागेल त्याचं चित्र. बाटलीला ५२० रुपये पडले. उघड्यावर, फूटभर लांबून, पातळ दोन थर मारायचे. घरात मारू नका, डोकं दुखतं.

फेब्रुवारीत पहिला धक्का बसला. सकाळी सहाच्या आत, अंधार असतानाच पात्रात उतरले होते, पहाटेचा रंग पकडायला. जागा कोणती ते लिहीत नाही. तीन ट्रॅक्टर वाळू भरत होते. एक जण माझ्याकडे आला. "तहसीलमधून आल्या का मॅडम?" मी नाही म्हटलं. "मग लिहून काय राहिल्या?" मी वही फिरवून दाखवली. त्यात ट्रॅक्टर नव्हता, पण काढणार नव्हते असंही नाही. तो बघत राहिला, मग म्हणाला, "इकडे नका बसत जाऊ, गाडी मागे घेताना दिसत नाही." सभ्यपणे म्हणाला, पण मला कळलं. पाय लटपटत होते, स्कूटी दोनदा बंद पडली. घरी हे सांगितल्यावर ह्यांनी पंधरा दिवस नदीचं नावच काढू दिलं नाही. त्यानंतर मी उजाडल्याशिवाय गेले नाही. पण परत गेल्यावर त्या जागचे खड्डे काढले. वाळू नेलेल्या जागी उघडी पडलेली चिकणमाती, त्यात साचलेलं पाणी, चाकांचे चर. ते काढताना पहिल्यांदा वाटलं की आजींच्या प्रश्नाचं उत्तर यात असेल.

मार्चमध्ये मुडावदला गेलो, तापी आणि पांझरेच्या संगमावर, कपिलेश्वराच्या दर्शनाला. महाशिवरात्रीची गर्दी सरली होती. धुळ्यातून येणारी पांझरा इथे तापीत उतरते. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. ७२४ किलोमीटरचा प्रवास आहे तिचा, आणि आमच्या सगळ्या नद्या, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, आपापला गाळ घेऊन तिला येऊन मिळतात. मी तो गाळच आणला, अर्धी बादली.

गाळाचा रंग करायची रीत सोपी, फक्त वेळखाऊ. गाळ पाण्यात ढवळायचा, मिनिटभर थांबायचं. रेती खाली बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. असं तीनदा. शेवटच्या भांड्यात रात्रभर जे तळाशी बसतं ते लोण्यासारखं मऊ असतं. ते वाळवून, कुटून, मलमलच्या कपड्यातून गाळायचं. बाभळीचा डिंक कोमट पाण्यात विरघळवायचा, त्यात दोन लवंगा टाकायच्या म्हणजे बुरशी येत नाही, आणि काचेवर घोटायचं. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोटाला माती लागते, जास्त झाला तर रंगाला तडे जातात. मी चार वेळा चुकले. गाळ ओला असताना काळा दिसतो आणि कागदावर वाळला की फिकट तपकिरी होतो, तेव्हा अंदाज चुकणारच. तापीचं एक चित्र मी नुसतं तापीच्या गाळाने काढलं आहे. दुसरा रंगच नाही त्यात.

एप्रिल-मे. इकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पारा ४३-४४ वर. जलरंग थाळीतच वाळायचा. ब्रश कागदावर टेकवला की कड पक्की. पोस्टर कलर आणले, फवाऱ्याची बाटली आणली, रंगात ग्लिसरीनचा थेंब टाकून बघितला. थोडा फरक पडला, पण मजा येत नव्हती. एका सकाळी पाण्याची बाटलीच घरी विसरले. पिशवीत मुलीचे जुने सॉफ्ट पेस्टल, म्हणजे मऊ रंगीत खडू, होते. समोर कोरडं पात्र, हातात कोरडे रंग. तासाभरात जे झालं ते तोपर्यंतच्या सगळ्या उन्हाळी चित्रांपेक्षा बरं होतं.

नदीत पाणी नसताना मी वर्षभर तिला पाण्याने काढायला बघत होते. तेव्हापासून ठरवून टाकलं की कोणत्या माध्यमात काढायचं हे नदीला विचारायचं. पूर असेल तर जलरंग, धुकं असेल तर कोळसा, वाळू असेल तर पेस्टल.

पेस्टलचा खास कागद महाग पडतो. मी हार्डवेअरच्या दुकानातून ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणला, एक ताव पंचवीस रुपये. त्याच्या खरबरीत अंगावर रंग घट्ट धरतो आणि वाळूचा पोत आयताच मिळतो. बोटाने मात्र घासू नका, कातडी निघते. माझी निघाली. हा कागद फार वर्षं टिकणारा नाही, पिवळा पडेल, तेव्हा विकायचं असेल तर समोरच्याला तसं सांगा. रंग उडतात का तेही घरीच तपासता येतं. प्रत्येक रंगाची पट्टी काढून अर्धी झाकायची आणि दक्षिणेच्या खिडकीत तीन महिने चिकटवायची. माझा स्वस्तातला किरमिजी अर्धा उडाला, तो मी कचऱ्यात टाकला.

८ मे २०२५, मोहिनी एकादशी, आमच्या यात्रेतला रथाचा दिवस. आणि १२ मे, पौर्णिमा, पालखी. त्या दिवसांत पात्राचं गाव होतं. जिथे मी वर्षभर एकटी बसायचे तिथे पाळणे, भांड्यांची दुकानं, टरबूज आणि डांगरांचे ढीग. मी यात्रेतली सात पेस्टल केली, रात्री साडेसातनंतर, काळ्या कागदावर. दिव्यांचे पिवळे ठिपके आधी टाकायचे आणि माणसं नंतर. लोक खूप जमतात, खांद्यावरून बघतात, एकाने शेंगदाण्याची टरफलं माझ्या डब्यात टाकली. मुलं "माझा फोटो काढा" म्हणतात. काढला. त्याच्या आईला तो दाखवल्यावर ती म्हणाली, "इतका काळा नाही माझा पोरगा." कागदच काळा होता, पण वाद घातला नाही.

आता प्रदर्शन, ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती.

८ सप्टेंबर २०२५ ला मी एका शासकीय सभागृहासाठी अर्ज दिला. कोणतं ते सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. पहिला धडा: अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी सोडली. दहा दिवसांनी गेले तर अर्ज सापडत नव्हता. १८ सप्टेंबरला दुसरा दिला, या वेळी पोच घेतली. २६ तारखेला कळलं की व्यक्तीला सभागृह देत नाहीत, नोंदणीकृत संस्थेचं पत्र लागतं. एका वाचनालयाच्या कार्यकारिणीने ते दिलं, पण त्यांची बैठक महिन्यातून एकदाच असते, त्यात ऑक्टोबरचे बारा दिवस गेले. पत्रासोबत संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, माझं पॅन आणि आधार. १७ ऑक्टोबरला १४ ते १६ नोव्हेंबर या तारखा मिळाल्या. भाडं रोज १,५०० आणि त्यावर जीएसटी, तीन दिवसांचे ५,३१०. अनामत ५,०००. रोख घेत नाहीत, ऑनलाइन चलन. चलनाची छापील प्रत काढून ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत फ्रेमा. चोवीस फ्रेमा, सरासरी ४८० रुपये. मी जिथे दिल्या त्यांनी पेस्टलला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, न लावता काच थेट टेकवली. दोन चित्रांचा रंग काचेला चिकटून आला, एक यात्रेचं होतं. चूक माझीही, लिहून दिलं नव्हतं. कोळसा आणि पेस्टल यांच्यात आणि काचेत अंतर हवंच. त्यासाठी जाड माउंट किंवा कडेने पट्टी लावायला सांगा, आणि सगळ्या फ्रेमा देण्याआधी एक करून बघा.

निमंत्रणपत्रिका छापल्या, दोनशे. त्यावर उद्घाटक म्हणून वॉर्डातल्या एका पुढाऱ्यांचं नाव होतं, दिराच्या आग्रहाने. ४ नोव्हेंबरला, मंगळवारी, राज्य निवडणूक आयोगाने नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर केल्या, मतदान २ डिसेंबरला. आचारसंहिता त्या क्षणापासून लागू.

६ तारखेला सभागृहातून फोन: बुकिंग थांबवलं आहे. निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जागा लागू शकते आणि पत्रिकेवर पुढाऱ्याचं नाव आहे असं कळलं. मी त्या रात्री खरोखर रडले. सतरा महिने, चोवीस फ्रेमा, अर्धी दिवाणखान्यात, अर्धी पलंगाखाली. ह्यांनी पत्रिकांचा गठ्ठा उचलून माळ्यावर टाकला आणि म्हणाले, "उद्घाटनच नको करू. दार उघड आणि बस."

७ तारखेला रजा टाकली. सभागृहाच्या कार्यालयाने सांगितलं, निवडणूक शाखेचं ना हरकत पत्र आणा. तिथे सांगितलं, अर्ज आणि हमीपत्र द्या: कार्यक्रमात राजकीय व्यक्ती नाही, झेंडा-चिन्ह नाही, भाषण नाही, मंडप नाही, ध्वनिक्षेपक नाही. बाहेरच्या एकाने ५०० रुपयांचा मुद्रांक घ्यायला लावलाच होता. आधी टेबलावर विचारा, मला साध्या कागदावरचं हमीपत्र चाललं. चोवीस चित्रांची नावांसह यादी जोडायला सांगितली. "क्र. ९, वाळू नेलेली जागा" यावर साहेबांचं बोट थांबलं. "हे काय?" मी मोबाइलवर चित्र दाखवलं. "खड्डा आहे," ते म्हणाले. "हो, खड्डाच आहे," मी म्हटलं. त्यांनी पुढचं पान उलटलं.

१० ला गेले, सही झाली नव्हती. ११ ला साहेब दौऱ्यावर. १३ तारखेला, गुरुवारी, दुपारी साडेचारला पत्र हातात पडलं. सभागृह एक दिवसही पुढे देणार नव्हते.

भिंतीत खिळा मारायला मनाई होती, हे अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. मंडपवाल्याकडून लोखंडी जाळ्या घेतल्या, आठ जाळ्या तीन दिवसांचे १,२००, आणि एस आकाराच्या हुकांवर फ्रेमा टांगल्या. रात्री अकरापर्यंत चाललं. त्याच्याकडचे फोकस पिवळे होते, त्यात गाळाचं चित्र नुसतं सोनेरी दिसायला लागलं. पांढरे दिवे घरून आणले. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर ठेवा, आपल्या उंचीवर नाही. मी बुटकी आहे, पहिली जाळी सगळी उतरवावी लागली.

शुक्रवारी सकाळी दहाला दार उघडलं. साडेअकरापर्यंत कुणी नाही, फक्त सभागृहाचा शिपाई. त्याने सगळी चित्रं दोनदा बघितली. मग शाळा सुटली आणि पोरं आली. तीन दिवसांत वहीत २१२ सह्या झाल्या, त्यात काहींनी दोनदा केली आहे. एक निवृत्त गुरुजी घाटाच्या चित्रापुढे बराच वेळ उभे होते. मला वाटलं आवडलं. म्हणाले, "पायऱ्या कमी काढल्यात." मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मोजल्या. खरंच दोन कमी होत्या.

सगळ्यात जास्त माणसं थांबली ती पुराच्या चित्रापुढे, हे खरं. वाळूच्या खड्ड्यापुढे बरेच जण आले, नाव वाचलं आणि पुढे गेले. एक तरुण मात्र माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेला, "हे कुठलं आहे?" मी सांगितलं नाही.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: सामान, फ्रेमा, सभागृह, जाळ्या, वाया गेलेल्या पत्रिका मिळून ३१,००० च्या आसपास गेले. पाच चित्रं विकली गेली, ७,६०० रुपये आले. किमती ८०० ते २,५०० ठेवल्या होत्या. गाळाचं चित्र दोघांनी मागितलं, दिलं नाही.

आजींना बोलवायला मी दोनदा पात्रात गेले होते. शेळ्या दुसरीकडे चारतात आता, असं कळलं. रविवारी शेवटच्या तासात त्यांचा नातू आला, मोबाइलवर फोटो काढून घेतले आजीला दाखवायला. सगळे नाही, फक्त डबक्याचं ते पहिलं पेन्सिलचं, जे मी फ्रेमही केलं नव्हतं, नुसतं चिमट्याला लटकवलं होतं. जाताना म्हणाला, "आजी म्हणे, शेळ्या कुठे शेतस त्यामा?"

अनामत परत मिळायला अर्ज वेगळा द्यावा लागतो. त्यासोबत मूळ चलन, सभागृह सुस्थितीत परत केल्याचा शिपायाचा शेरा आणि रद्द केलेला धनादेश. मतदान होईपर्यंत कुणी हात लावला नाही. २९ डिसेंबरला ५,००० खात्यात आले. त्यातून सहाशे रुपयांचा कागद मागवला आहे, आणि शेळ्या काढायला शिकते आहे.